पंधरा वॉटचा तानपुरा

आमच्या वेळच्या नोकरदार पोरांना आवाजापेक्षा दिव्यांचं वेड जास्त होतं. म्हणजे बोलायचो आम्ही आवाजाबद्दलच, बास किती घुमतो, ट्रेबल कशी कापत जाते वगैरे. पण १९८१ च्या दिवाळीचा बोनस खिशात घालून मी मुसाफिरखान्यातल्या त्या बोळकांडीत शिरलो आणि दुकानदाराने फळीवर ओळीने मांडलेल्या टू-इन-वनमधला जो एक छातीशी धरून गिरगावपर्यंत आणला, तो त्याच्या कपाळावर गाण्याच्या ठेक्याबरोबर खालीवर पळणाऱ्या हिरव्या-तांबड्या दिव्यांसाठीच. चाळीतल्या आमच्या खोलीत आम्ही चौघे राहत होतो. खोक्यातून थर्माकोल चरचरत निघाला, नव्या प्लास्टिकचा तो किंचित गोड, किंचित औषधी वास खोलीभर पसरला, आणि मग ट्यूबलाइट मालवून, केरोसीनच्या स्टोव्हवर चहा उकळत ठेवून, आम्ही रात्री बारापर्यंत ते दिवे पाहत बसलो. गाणं कुठलं होतं ते आज कुणालाच आठवत नाही.

त्या यंत्राला ग्राफिक इक्वलायझर होता. पाच दांड्या, वरखाली सरकणाऱ्या. त्या कशा लावायच्या याचं शास्त्र आमच्यापैकी कुणीच शिकलेलं नव्हतं, तरी अख्ख्या मुंबईत त्या एकाच तऱ्हेने लावलेल्या असायच्या: कडेच्या दोन्ही वर, मधल्या खाली, म्हणजे यंत्र आपल्याकडे बघून हसतंय असं दिसावं. खालून ढोलकी धमधमायची, वरून मंजिऱ्या किणकिणायच्या, आणि मध्ये, जिथे माणसाचा गळा नांदतो, तिथे आम्ही मोठ्या हौसेने खड्डा खणून ठेवलेला असायचा. पोरं खूश, शेजारी हैराण, लताबाई कुठेतरी खड्ड्याच्या तळाशी.

खरं तर मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर होतं, आणि शाळेतून येताना दप्तर पाठीवर तसंच ठेवून मी त्या दुकानांच्या पायऱ्यांवर रेंगाळायचो. आत छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले असत, खाली तुणीच्या लाकडाचा तांबूस भुसा पसरलेला असे, त्यात अनवाणी पाय घातला की ऊबदार वाटायचं. आणि सगळ्यावर वास असायचा तो स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, पॉलिशचा, जो नाकात शिरला की डोळे आपोआप थोडे बारीक व्हायचे. शिकलगारी करणाऱ्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब दीडेकशे वर्षांपूर्वी तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्यापासून गावात हा धंदा रुजला, हे आम्हाला मास्तरांनी सांगितलेलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि दर वर्षी तिथे गाणं होतं, हे मात्र कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या रात्री आईचा डोळा चुकवून पळायचं, चिंचेखाली सतरंजीच्या कडेला जागा धरायची आणि पहिला ख्याल संपायच्या आत झोपी जायचं, असा माझा संगीताचा अभ्यास होता.

त्या दुकानांतली एक गोष्ट मात्र मी जागेपणी शिकलो. तानपुरा तयार झाला की म्हातारे कारागीर घोडीवर कानसेचा हलका हात फिरवून जवारी काढायचे, तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचे, एकच खर्जाची तार छेडायचे आणि मान तिरकी करून गप्प बसायचे. ते तार ऐकत नसायचे, तारेतून वर येणारा गंधार ऐकायचे. छेडलाय षड्ज, बोटही लावलेलं नाही, पण तार नीट बोलू लागली की तिच्या पोटातून गंधार उमटतो. तो उमटला की तानपुरा विकायला तयार. तो मलाही ऐकू येतो हे मला कळलं त्या दिवशी मी घरी धावत गेलो होतो आणि वडिलांनी आधी हातपाय धुवायला पिटाळलं होतं.

आणि असा हा मिरजेचा पोरगा गिरगावात दिवे बघत बसला होता. कॅसेटवर एखादा ख्याल लावला तर तानपुऱ्याच्या जागी एक सपाट गूं ऐकू यायची, पंखा चालू असावा तशी, आणि मी ती पंख्याची म्हणूनच सोडून देत होतो.

बँकेतल्या माझ्या मित्राचे मामा पार्ल्याला राहत. मित्राचे मामा म्हणून माझेही मामा. व्यापारी जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. मॉर्सची टिकटिक वादळाच्या खरखरीतून वेगळी काढायची, यावर पोट भरलेला माणूस. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ते आपल्या तोंडाकडे न बघता थोडं बाजूला, आपल्या आवाजाकडे बघताहेत असं वाटायचं. आंब्याच्या झाडामागे त्यांचं जुनं, बैठं घर होतं; लाल लाद्या, गजांची खिडकी, आणि दारातच एक संमिश्र वास, जुन्या पुठ्ठ्याचा, तापलेल्या धुळीचा, मशीन ऑइलचा आणि मामी आत जे काही फोडणीला घालत असतील त्याचा.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत जे होतं ते पाहून मी मनातून निराश झालो. एकही दिवा पळत नव्हता. शिसवी कपाटावर करड्या रंगाचं, लोखंडी जडशीळ गॅरार्डचं टर्नटेबल, मॉडेल ३०१. खाली ॲम्प्लिफायरचे दोन तपकिरी लोखंडी ठोकळे, त्यांच्या डोक्यावर कमरेत किंचित आवळलेल्या काचेच्या नळ्या. आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत, भिंतीपासून चांगले तीन-चार फूट पुढे, कमरेएवढे उंच, मागे रेललेले, सोनेरी जाळीचे दोन पत्रे. मी कुजबुजत मित्राला विचारलं की मुंबईत खोली गरम करायचे हीटर कशाला लागतात रे. ते स्पीकर होते. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे, १९५७ साली बाजारात आलेले. मामांनी आधी एक आणला, कारण तेव्हा एकच लागायचा, आणि स्टिरिओ आल्यावर पुढच्या एका फेरीत त्याचा जोडीदार आणला. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरून बोटीपर्यंत आणि बोटीतून पार्ल्यापर्यंत तो कसा आला याची कथा मामा दर वेळी निराळी सांगत. कस्टमचा अधिकारी मात्र प्रत्येक कथेत गाण्याचा शौकीन असायचा.

“किती वॉटचा आहे, मामा?” मी विचारलं. तो आमच्या पिढीचा पहिला प्रश्न असे.

“एकेका बाजूला पंधरा.”

मला त्यांची दया आली.

मग तो सगळा संथ सोहळा सुरू झाला, ज्याची मला पुढे इतकी सवय लागली. बटण दाबल्यावर काहीच होत नसे. अर्धा-एक मिनिट नळ्यांच्या पोटात नारिंगी ठिपका हळूहळू गडद होत जाई, ट्रान्सफॉर्मर तापू लागला की मेणाचा आणि वार्निशचा वास सुटे, आणि मामा म्हणत, “उठू दे त्यांना.” तोवर ते कपाट उघडत. कपाटात चाळीस वॉटचा एक बल्ब बाराही महिने जळत असे, रेकॉर्डींना बुरशी लागू नये म्हणून. त्यामुळे आतून उन्हात ठेवलेल्या पापडांची ऊब यायची. बाहेरचं पुठ्ठ्याचं पाकीट, आतला कागद, मग दोन तळहातांच्या कडांत तोललेली ती काळी चकती, खिडकीच्या उजेडाला तिरकी धरून एकदा बघणं, मलमलीचा फडका आतून बाहेर गोल फिरवणं. टर्नटेबलची कळ फिरवली की ‘ठक्’ असा पोलादी, खात्रीचा आवाज येई. मोटरची कप्पी आणि जड तबकडी यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून बसतं आणि तेच तबकडीला ओढतं. पट्टा नाही, ताण नाही, दुसऱ्या क्षणाला तबकडी पूर्ण वेगात. गॅरार्ड हे मूळचे लंडनचे जवाहिरे, राजघराण्याचे दागिने सांभाळणारे. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यासाठी अंतर मोजायची यंत्रं करायला १९१५ साली कारखाना काढला आणि युद्ध संपल्यावर त्या कारखान्याने ग्रामोफोनच्या मोटरी बनवायला घेतल्या. त्या कळीला हात लावला की दागिने आणि तोफा दोन्हींवर विश्वास बसायचा.

त्या दिवशी त्यांनी किशोरीताईंची एलपी लावली, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली. सुई टेकली, तुपात मोहरी पडावी तशी नाही, त्याहून पुष्कळ हळू काहीतरी तडतडलं, आणि तानपुरा सुरू झाला.

मी ताठ बसलो. ती गूं नव्हती. तारा होत्या, एकामागून एक, प्रत्येक तारेला सुरुवात होती, मधला पसारा होता, आणि विझत जाणारी शेपटी होती जी पुढच्या तारेत मिसळत होती. मामांच्या खिडकीशी, सोनेरी पत्र्याच्या जरा मागे, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथे, कुणीतरी मांडी घालून वाजवत होतं. आणि मग तो आला, न छेडलेला, वरचा.

“मामा,” मी म्हणालो, “खर्जातून गंधार बोलतोय.”

मामांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. “कुठला रे तू?”

“मिरजेचा.”

“मग पुढे बस.”

भूपात गंधार वादी. ज्या स्वरावर पुढे बाईंना सगळा महाल उभा करायचा होता, तो तानपुरा आधीच जमिनीतून काढून देत होता, आणि इतकी वर्षं मी ती जमीनच ऐकली नव्हती. पुढची वीसेक मिनिटं मी काय ऐकलं ते सांगण्याची माझी ऐपत नाही. मामी चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली.

नंतर मामांकडून, आणि त्यांच्याकडच्या तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या इंग्रजी मासिकांतून, मला यामागची कारणं थोडी कळली. साध्या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू पुढेमागे हलतो. त्याला वजन असतं, हलायला वेळ लागतो आणि थांबायलाही. मामांच्या त्या पत्र्यांत शंकू नव्हताच. दोन भोकाभोकांच्या पट्ट्यांमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला, त्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार, आणि गाण्याबरोबर तो अख्खा पडदा हलायचा. वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तारेची शेपटी जिथे संपते तिथे पडदाही थांबतो. लाकडी पेटी नाही, म्हणून पेटीचा घुमाराही नाही. पण त्याला पोटातला खोल आवाज देता येत नसे, आणि मोठ्याने तर मुळीच वाजवायचं नाही. ढोलताशे त्याला झेपले नसते. तबल्याचा बायाही थोडा उपाशीच राहायचा. त्याला यायचा तो मधला भाग: गळा, सारंगी, हार्मोनियमचा भाता, तानपुरा. पीटर वॉकर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हंटिंग्डनला बसून हे यंत्र घडवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मिरज असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण माणसाचा आवाज माणसासारखा यावा एवढाच हट्ट धरला की वाटेत मिरज लागतेच, असं मामांचं मत होतं, आणि त्यांच्या मताला तेव्हा मी पुष्कळ मान देत असे.

गिरगावात परतल्यावर मी इक्वलायझरच्या मधल्या दांड्या वर केल्या. खोलीत दंगल झाली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली होत्या.

पार्ल्याला मी मग जातच राहिलो. पावसाळ्यात मात्र मैफिली बंद. हवेतला दमटपणा त्या हजारो व्होल्टना मानवत नसे. पडद्यातून चट्चट् ठिणगीचा आवाज यायचा आणि मामा आषाढ लागला की दोन्ही पत्र्यांचे प्लग काढून त्यांवर मामींच्या जुन्या नऊवारीची पांघरुणं घालायचे. ते दिवस अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या धुण्यापुसण्याचे. त्या लाखेच्या, जड, पडल्या की कपच्या होणाऱ्या तबकड्यांना कोमट पाण्याचं फडकं लावलं की एक वास उठायचा, आणि मी पार्ल्यात बसून सतारमेकर गल्लीत अनवाणी उभा राहायचो. लाखच ती. तिकडे तानपुऱ्यावर चढायची, इकडे तिच्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा कोरलेला. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की यंत्रं पुन्हा जागी होत. खाँसाहेबांची तीन-सव्वातीन मिनिटांची ठुमरी लावायची तर सुई बदलायची, कारण त्या तबकड्यांचा चर रुंद. मग प्रीॲम्प्लिफायरवरचा फिल्टर सात हजार, पाच हजार असा खाली आणत खरखर मागे ढकलायची. मामांचा हात तिथे फार वेळ रेंगाळे. वादळातून जहाज शोधण्याची जुनी खोड. किती खरखर काढली तर गळ्याची धार जाणार नाही, यावर ते आणि मी तासभर भांडू शकत असू. मामी म्हणायच्या, “अरे, तीन मिनिटांच्या गाण्याला किती बोलता!”

सगळ्या नव्या बाटग्यांसारखा मीही कडवा झालो होतो. ट्रान्झिस्टरच्या नावाने नाक मुरडायचो, कॅसेटला डबा म्हणायचो, स्वतःचा टू-इन-वन खोलीतल्या धाकट्याला देऊन टाकला होता. आणि मग एका रविवारी मी पार्ल्याला गेलो तर गॅरार्डच्या शेजारी काळी, चपटी पेटी: सीडी प्लेअर. मुलाने अमेरिकेतून पाठवलेला. मला तो गृहप्रवेश चालला नाही. मामा मात्र पोरासारखे खूश होते. “ऐक, खरखर शून्य,” ते म्हणाले, “आयुष्यभर मी हिच्याशी भांडलो, आता ती नाहीच.” खरखरीत काव्य असतं हे मी त्यांना पटवून देऊ लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “बोटीवर गेला होतास का कधी?”

मामा गेल्यावर घर पाडलं, तिथे सात मजले उभे राहिले. ते दोन सोनेरी पत्रे एका दलालामार्फत बाहेरदेशी गेले म्हणतात. तोवर जपानी शौकिनांनी जुन्या विलायती यंत्रांच्या किमती आकाशाला भिडवल्या होत्या. आधी जपानला कळलं, मग युरोपला, आणि शेवटी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटला, जिथे पूर्वी वजनावर मिळणाऱ्या वस्तू दुकानदार आता मोबाइलवर भाव बघून सांगतात. माझ्या वाट्याला गॅरार्ड आणि ते दोन तपकिरी ठोकळे आले, मामींच्या हट्टामुळे. त्यांना मी साधे, कागदी शंकूचे, पण प्रामाणिक स्पीकर जोडलेत. गंधार येतो, खिडकीशी कुणी मांडी घालून बसत नाही, एवढंच.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याआधीची काही वर्षं तिथून काहीही विकत न घेणाऱ्यांतही होतो. फोनला अंगठ्याएवढी एक डबी आणि बऱ्यापैकी हेडफोन लावला की तोच भूप, तोच तानपुरा, तोच गंधार लोकलच्या गर्दीत ऐकू येतो, आणि तो वाईट येत नाही, हे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते मला फितूर समजतात. मधल्या काळात हजार वॉट पीएमपीओ असं पेटीवर छापलेले स्पीकर येऊन गेले. त्यांच्याशी तुलना करता आजची पोरं फार चांगलं ऐकतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावी गेलो की गल्लीत तोच वास येतो, फक्त शेजारी कुरिअरचं दुकान आहे आणि गवयांच्या पिशवीत तानपुऱ्याचं ॲप.

ठोकळ्यांची दुखणीखुपणी लॅमिंग्टन रोडजवळ माळ्यावर बसणारे एक मेस्त्री बघतात, मूळचे मालवणकडचे. जुने कागदी कंडेन्सर गळायला लागले की तेच बदलतात. राळेचा धूर, वितळत्या शिशाचा चंदेरी थेंब आणि मीटरवर टेकलेले त्यांचे डोळे हे मला पाहत बसायला आवडतं. नळ्या आता चीन-रशियातून नव्या येतात, दारात येतात, आणि मेस्त्रींच्या मते बऱ्या आहेत. गडी कधी ऐकत नाही, फक्त मोजतो. परवा एक ठोकळा उचलून जिना उतरताना मी त्यांना सहज विचारलं, “मेस्त्री, तुमच्या घरी काय आहे?”

“पोराने ब्लूटूथचा डबा आणलाय, साहेब. पाण्यात पडला तरी वाजतो. मी आंघोळीला घेऊन जातो.”

“आणि तानपुरा येतो का त्यात?”

“तानपुरा कशाला येतोय? मी भजनं ऐकतो,” ते दुसऱ्या ठोकळ्याला हात घालत म्हणाले, “टाळ मस्त येतात.”